पाक मुजिहार्तो आणि कोरी जागा

“‘क्षमा असावी,’” तिउर्मा मोठ्यानं वाचत होती, “‘आपली हरकत नसेल, तर हे बिल पुसून टाकण्याची परवानगी द्यावी. पुसलेलं बिल परत येत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.’ आणि खाली दोन बटणं. एकावर ‘पुसा’, दुसऱ्यावर ‘असू दे, राहू दे.’”

ऑफिसात कोणी हसलं नाही. आमच्या सोलो गावात माणसाच्या तोंडावर हसत नाहीत, त्यासाठी पाठ असते. आम्ही सगळे आपापल्या चहाच्या ग्लासात काहीतरी पडलंय का ते बघू लागलो. पाक म्हणजे काका; आमचे पाक मुजिहार्तो तेवढे प्रसन्न चेहऱ्यानं ऐकत होते, कारण ते वाक्य त्यांचं होतं आणि इतक्या वर्षांत ते कोणी मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं.

“पाक मुजी, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. आधी नुसतं ‘क्षमा असावी’ होतं. वाईट वाटण्याचा भाग नंतर घातला.”

“का?”

“एका बाईंचं बिल चुकून पुसलं गेलं. त्यांना फार वाईट वाटलं. मग प्रोग्रामला काहीच वाटू नये, हे काही बरं दिसेना.”

तिउर्मा नाइंगोलाननं खुर्चीत मागं रेलून छताकडं पाहिलं. ती दूरच्या मेदान शहरातली. मेदानची माणसं हळूच ‘पाणी द्या’ म्हणाली, तरी शेजारच्या घरातला माणूस उठून पाणी आणतो. जकार्तात फोनवरच्या दुकानांचे स्क्रीन आखून तिनं नाव कमावलं होतं, आणि आमच्या मालकांनी, ज्यांना सगळे ‘कोह’ म्हणजे दादा म्हणतात त्या हेंगकींनी, तिला आमचा ‘लारिस’ नवा करण्यासाठी आणलं होतं. ‘लारिस’ म्हणजे भराभर खपणारा. हा प्रोग्राम बाटिक कापडाच्या घाऊक दुकानांत बिलं करतो. कापड भराभर खपत होतं, प्रोग्रामचं तसं म्हणता येत नव्हतं.

जुन्या लारिसचा स्क्रीन राखाडी होता. त्यावर इतकी बटणं होती, की काही बटणं कशासाठी आहेत याबद्दल खुद्द मुजिहार्तोंचाही नुसता अंदाज होता. मी या प्रोग्रामची माहितीपुस्तिका लिहितो. ती कोणी वाचत नसल्यामुळं माझ्या भाषेवर कसलंही दडपण नसतं. त्या बटणांबद्दल मी ‘गरजेनुसार वापरावे’ असं लिहून ठेवलं होतं.

कोह हेंगकी त्या दिवशी मुद्दाम वर आले. खाली पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान आहे, त्यामुळं आमच्या ऑफिसात गंभीर बोलणं सुरू झालं, की मागं नेहमी किलबिलाट असतो.

“पाक मुजी, नव्या कॉम्प्युटरवर जुना लारिस चालत नाही. बाजारात जकार्तावाले फोनवरचा प्रोग्राम घेऊन फिरतायत. रोज्यांचा महिना लागायच्या आत बाजारातल्या दुकानांनी नवा लारिस वापरायला पाहिजे. आणि मनापासून वापरायला पाहिजे. नाहीतर मी प्रोग्रामचं काम बंद करतो नि नुसते कॅमेरे बसवतो.”

“आणि आम्ही, कोह?”

“तुम्हाला कोण काढतंय? तुम्ही कॅमेऱ्यांकडं या.”

कॅमेऱ्यांकडं जाणं म्हणजे शिडीवर चढणं. मुजिहार्तो बल्ब बदलायलासुद्धा शेजाऱ्याला बोलावतात. पण मला वाटतं त्यांना शिडीचं तितकंसं वाटलं नसावं. या माणसानं आयुष्यात लग्न, दोन मुली आणि लारिस एवढंच केलं होतं. मुली लग्न होऊन सासरी गेल्या होत्या. उरलं होतं ते आता रोज्यांच्या महिन्यापर्यंत टिकवायचं होतं.

“हो कोह,” मुजिहार्तो म्हणाले. ते सगळ्यांनाच ‘हो’ म्हणतात, त्यामुळं त्यातून काही कळत नाही.

आता हा जुना माणूस नव्याला आडवा जाणार, पंधरा दिवस न बोलता घुश्शात बसणार, अशी आमची खात्री होती. तिउर्माही भांडणाच्या तयारीनं आली होती. झालं उलटंच. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ नव्या पद्धतीच्या प्रेमात पडला.

सुरुवात कोऱ्या जागेपासून झाली. तिउर्मानं एक आखणी दाखवली. मध्ये चार गोष्टी, बाकी सगळं पांढरं.

“इथं काय येणार?” मुजिहार्तोंनी पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“काही नाही.”

“अजून ठरलं नाही का?”

“ठरलंय. काही नाही येणार. डोळ्याला बसायला जागा लागते, पाक.”

मुजिहार्तो बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिले. गर्दीत उभं राहून राहून कोणीतरी सरकून जागा करून द्यावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग आलं पुसण्याचं प्रकरण.

“आधी विचारायचं नाही,” तिउर्मा म्हणाली. “माणसानं पुस म्हटलं की पुसायचं. आणि खाली छोटी पट्टी दाखवायची: ‘पुसलं. परत हवंय?’”

“म्हणजे माणसावर विश्वास ठेवायचा.”

“नाही हो. माणूस चुकणारच. त्याला चूक परवडेल असं करायचं.”

“चूक परवडेल असं करायचं,” मुजिहार्तो म्हणाले. दिवसभर ते हेच वाक्य म्हणत होते. जेवताना, नारळाच्या दुधातल्या लिवेत भाताचा पहिला घास घेण्याआधीसुद्धा म्हणाले. खानावळवालीला वाटलं भात कच्चा राहिलाय. तिनं न विचारता दुसरा वाढला.

घरी काय झालं ते त्यांच्या बायकोनं, वार्सिनींनी, पुढं आम्हाला सांगितलं. मुजिहार्तोंनी बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट, दोन बाकं आणि टीपॉय मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. खोलीत एक खुर्ची ठेवली.

“अहो पाकने,” वार्सिनींनी नवऱ्याला विचारलं, “पाहुणे आले की?”

“पाहुण्याला खुर्ची.”

“दोघं आले तर?”

“दुसरा आला, की दुसरी खुर्ची आणायची. लागेल तेव्हा दाखवायची. आधीपासून मांडून डोळ्याला त्रास कशाला?”

“छान,” वार्सिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुजिहार्तो ऑफिसातून घरी गेले, तर कपाट, बाकं, टीपॉय सगळं जिथल्या तिथं होतं. एका शब्दानं कोणी काही विचारलं नव्हतं. मुजिहार्तो उंबऱ्यात उभे राहिले आणि न विचारता पुसायची नि परत आणायची ती पद्धत किती सोपी आहे ते त्यांना नीट समजलं, असं ते स्वतःच सांगत.

काम जोरात सुरू झालं. तिउर्मा आखायची, मुजिहार्तो बांधायचे. बटणं गळून पडू लागली. प्रत्येक बटण काढताना ते माझ्याकडं बघून म्हणायचे, “तुमचंही एक पान कमी झालं बरं का.” इतका आनंदी माणूस आमच्या ऑफिसात पूर्वी फक्त पगाराच्या दिवशी आणि तोही अर्धा तास दिसायचा.

तिउर्माचा एक नियम होता. स्क्रीनवर जे सगळ्यात महत्त्वाचं, ते सगळ्यात मोठं. मुजिहार्तो नियमाला पक्के. ते स्वतः क्लेवेरच्या बाटिक बाजारात गेले आणि दुकानादुकानांतल्या बायकांना विचारून आले, “बू, कामाच्या वेळी कोणता आकडा तुमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा?”

सगळ्यांनी एकच सांगितलं. खालची किंमत. जिच्या खाली जायचं नाही ती.

बाटिकच्या बाजारात वस्तूला किंमत नसते, संभाषण असतं. गिऱ्हाईक अर्ध्यावरून सुरुवात करतं, दुकानदारीण छातीवर हात ठेवते, दोघांच्या मुलाबाळांची चौकशी होते, आणि तासाभरानं कुठंतरी मध्ये भेट होते. एवढ्या बोलण्यात आपण कुठं थांबायचं हे विसरायला होतं, म्हणून प्रत्येक मालाची खालची किंमत लारिसमध्ये असते. जुन्या स्क्रीनवर ती कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात असायची.

मुजिहार्तोंनी ती स्क्रीनच्या मध्यावर आणली. हिरवी. ठसठशीत. चारी बाजूंनी कोरी जागा. आम्ही सगळ्यांनी, तिउर्मासकट, ती बघून माना डोलावल्या. माहितीपुस्तिकेत मी लिहिलं, ‘खालची किंमत आता दुकानाच्या कोणत्याही कोपऱ्यातून स्पष्ट दिसते.’

नवा लारिस बसला आणि कौतुकाचा पूर आला. ज्या दुकानात जावं तिथं “छान हो, पाक मुजी, फारच छान!” गोड चहा, सेराबी नावाची गरम गोड धिरडी, वर आणखी घरी न्यायला पुडी. मुजिहार्तो रोज एक पुडी घेऊन ऑफिसात यायचे. आम्हाला वाटलं, कॅमेरे टळले.

तिउर्मा मात्र दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, “मला एक कळत नाही. इतक्या माणसांना एखादी गोष्ट आवडली, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मला सोबत न्या.”

आम्ही तिघं गेलो. पहिल्याच गल्लीत मुजिहार्तो थबकले. दुकानादुकानांत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बाटिकचं कापड घातलेलं होतं. साधं नाही. हातानं मेणाची नक्षी काढलेलं, तपकिरी, भारीतलं.

“बघितलंत?” त्यांचा आवाज भरून आला. “आमच्यात मोलाची वस्तू अशी झाकून ठेवतात.”

“चालू आहेत का बंद?” तिउर्मानं विचारलं.

“झाकलेल्या वस्तूबद्दल असं विचारत नाहीत, म्बाक.”

बू जुवारियाहचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. हजला जाऊन आलेली, भारदस्त बाई. गिऱ्हाइकानं वारभर मागावं आणि हिनं दोन वार गळ्यात बांधावं, अशी ख्याती. आम्ही पोचलो तेव्हा वोनोगिरीचा एक व्यापारी समोर बसला होता. त्यानं एका गठ्ठ्याचा भाव विचारला. बू जुवारियाह उठल्या, कापडाची कड उचलली आणि खांद्यापर्यंत आत शिरल्या. जुन्या काळचा फोटोवाला काळ्या फडक्यात शिरायचा तशा. थोड्या वेळानं बाहेर आल्या, तिरका झालेला हिजाब सारखा केला आणि शांतपणे भाव सांगितला.

व्यापारी गेल्यावर तिउर्मानं विचारलं, “बू, हे कापड कशाला?”

“धूळ फार असते गं.”

“मग डोकं आत का घालता?”

“आत गार वाटतं.”

“नवा स्क्रीन कसा वाटतो?”

“छान! फारच छान!” आणि चहा आला.

पुढची चार दुकानं अशीच गेली. एका बाईंनी सांगितलं, माझी नजर लागू नये म्हणून झाकते. एकीनं सांगितलं, स्क्रीनला थंडी वाजू नये म्हणून. मुजिहार्तो प्रत्येक उत्तराला आदरानं मान लववत होते, पण त्यांच्या चालण्यातला उत्साह दुकानागणिक उतरत गेला. शेवटी ते माझ्या कानाशी म्हणाले, “बायको कपाट पडवीत बघून म्हणाली ना, अगदी तसंच ‘छान’ ऐकू येतंय हो.”

आता सोलोच्या बाईला ‘तुला काय आवडलं नाही’ असं विचारणं म्हणजे तिला वेशीवर नेऊन उभं करणं. ती मरेल पण सांगणार नाही. आणि सांगितलं नाही तर सुधारणार काय? रोज्यांचा महिना अगदी तोंडाशी आला होता. परतताना आम्ही पुन्हा बू जुवारियाहच्या दुकानापाशी आलो, आणि तिथं तिउर्माचा बांध फुटला. ते ठरवून नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

“पाक मुजी!” ती ओरडली. गल्लीतल्या शिवणयंत्रांचा आवाज थांबला. “मी सांगते तुम्हाला! हा स्क्रीन टाकाऊ आहे! एकदम भिकार! तुमचा आणि माझा, दोघांचाही वेळ फुकट गेला! फेकून द्या तो!”

मुजिहार्तो पांढरे पडले. त्यांनी सवयीनं हात जोडले.

“ए पोरी!” बू जुवारियाह गादीवरून उठल्या. “कोणाशी बोलतेयस? माझी सासू गादीवर बसायची तेव्हापासून हा माणूस या दुकानात येतोय. कधी आवाज चढवला नाही, कधी चहाला नाही म्हणाला नाही. टाकाऊ? अगं, देखणा आहे तो स्क्रीन! अक्षर असं, की वोनोगिरीच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतं! मी तोंड उघडायच्या आत तो खालची किंमत वाचतो आणि म्हणतो, बू, तेवढ्यालाच द्या, उगाच बोलणं कशाला वाढवायचं. माझी बोलायची हौससुद्धा राहिली! एवढाच काय तो...”

त्या थांबल्या. मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

कापडाखाली तो हिरवा आकडा मंद चमकत होता. जाड कापडातूनही दिसत होता, इतकं काम चोख होतं.

“सगळ्याच दुकानांत असं होतंय, बू?” मुजिहार्तोंनी हळूच विचारलं.

“मला दुसऱ्यांचं काय माहीत, बाबा,” बू जुवारियाह म्हणाल्या. “सगळ्याच.”

मुजिहार्तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. तिउर्मा त्यांच्या शेजारी बसली. “जकार्तात किंमत म्हणजे किंमत असते हो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क आमच्याइतका बारीक झाला होता. “मोठी लिहिली की लोक खूश होतात. मला हे सुचलंच नाही.”

“मी तर इथलाच आहे,” मुजिहार्तो म्हणाले.

मला वाटलं, आता शिडीचं बोलणं निघणार. मुजिहार्तोंनी वर बघितलं. त्यांचे डोळे लुकलुकत होते.

“म्बाक तिउर्मा,” ते म्हणाले, “पुढच्या दुकानातही ओरडाल का? आपली हरकत नसेल तर.”

त्यानंतरचे दिवस क्लेवेरच्या बाजारात अजून सांगतात. दोघं दुकानात शिरायची. तिउर्मा दोन मिनिटं गोड बोलायची आणि मग एकदम मुजिहार्तोंवर तुटून पडायची. मुजिहार्तो मान खाली घालून उभे राहायचे. अपमान झालेल्या माणसाची बाजू घेणं हे आमच्याकडं परक्यालाही चुकत नाही, आणि बाजू घेताना माणूस खरं बोलून जातो.

“वाईट नाही हो अजिबात,” दुसऱ्या दुकानातल्या बाई तावातावानं म्हणाल्या. “बोटाला व्यायाम होतो. मी माल कोडीनं विकते, पण याला एकेक नगच कळतो. एका कोडीला ते बटण वीसदा दाबायचं. संध्याकाळी सुनेकडून बोटाला तेल लावून घेते, एवढंच.”

“त्यांना काही बोलू नका!” तिसऱ्या दुकानातले म्हातारे गृहस्थ काठी आपटून म्हणाले. “किती मोकळी जागा ठेवलीय त्यांनी! मुलगा विचारत होता, तिथं आपल्या दुकानाची जाहिरात लावता येईल का.”

कोणाला अक्षर पुसट वाटत होतं, कोणाला जुनी शॉर्टकटची बटणं हवी होती, कारण बोटं त्यांच्यावर म्हातारी झाली होती. आम्ही बाहेर येऊन कोपऱ्यावर सगळं आठवायचो आणि पुढच्या दुकानात भांडायला जायचो. तिउर्मा एवढं ओरडली, की तिचा घसा बसला. तेव्हा एका दुकानात पंचाईत झाली. तिनं तोंड उघडलं आणि नुसती फुसफुस बाहेर आली. दुकानदारीण वाट बघत होती. मुजिहार्तोंनी इकडंतिकडं बघितलं, डोळे मिटले आणि ओरडले, “मग करू तरी काय मी!”

हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं ओरडणं. ते चांगलं झालं. पलीकडच्या गल्लीतून माणसं बघायला आली. त्यानंतर मुजिहार्तो शेजारच्या प्रत्येक दुकानात जाऊन, त्रास झाला असल्यास क्षमा असावी, असं सांगून आले. त्यात उरलेला दिवस गेला. पण रात्री जेवताना त्यांनी वार्सिनींना सांगितलं म्हणे, की घशाला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

मग बदल. पहिली गेली ती हिरवी किंमत.

“पुन्हा कोपऱ्यात मुंगी करायची?” तिउर्मानं विचारलं. तिचं मन त्याला घेत नव्हतं.

“नको. कुठंच नको.” मुजिहार्तोंनी स्क्रीनच्या मधल्या कोऱ्या जागेवर हात फिरवला. “डाव्या अंगठ्याखालचं बटण दाबून धरलं, की इथं दिसेल. लहानशी. बोट उचललं, की कोरं.”

“लपवायची? पाक, जी गोष्ट लपवली ती कोणालाच सापडत नाही. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे तो.”

“सापडू नये म्हणूनच तर.”

तिउर्मा हसली. मेदानचं हसू होतं ते, खालचे पक्षी एकदम बोलायला लागले. तिनं त्याच बैठकीत अंगठ्याची जागा, आकड्याचा रंग आणि किती हळू उमटायचं ते सगळं ठरवलं. कोडीसाठी वेगळं बटण आलं. जुने शॉर्टकट परत आले, पण दिसेनात. ज्यांची बोटं त्यांना ओळखत होती त्यांच्यासाठी ते होते.

राहिलं क्षमेचं वाक्य. नव्या लारिसमध्ये ते कुठंतरी आत अजून पडून होतं, मुजिहार्तोंनी काढलं नव्हतं. मी त्यांच्या मागंच बसतो म्हणून पाहिलं. त्यांनी ते एकदा वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या वाईट वाटण्यापर्यंत. मग पुसलं. त्यांच्याकडं कोणी परवानगी मागितली नाही. नवी ओळ लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली, कारण ‘पुसलं’च्या आधी ते दर वेळी काहीतरी मऊ घालत आणि काढत. जेवायला उठले तेव्हा स्क्रीनवर एवढंच होतं: ‘पुसलं. परत हवंय?’

“तुसडं वाटतं का हो?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “छान आहे.” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी लगेच म्हटलं, “थोडं तुसडं आहे. पण चालेल.” ते खूश होऊन जेवायला गेले.

रोजे दोन दिवसांवर आले आणि बाजाराला उधाण आलं. ईदचे कपडे घ्यायला सोलोच काय, सगळा मुलूख गल्ल्यांत उतरला होता. स्क्रीनवरची कापडं गायब होती. एका दुकानात तर गिऱ्हाइकाला नेमकं तेच पसंत पडलं आणि बाईंनी ते तिथल्या तिथं उतरवून विकलं. दुकानदारणी बोलत होत्या, छातीवर हात ठेवत होत्या, मुलाबाळांची चौकशी करत होत्या, आणि डावा अंगठा गादीआड आपलं काम करत होता.

कोह हेंगकी बघायला आले. आम्ही गर्दीतून वाट काढत बू जुवारियाहच्या दुकानासमोर पोचलो. त्या दोन गिऱ्हाइकांशी एकाच वेळी घासाघीस करत होत्या.

“वापरतायत खरं,” कोह हेंगकी म्हणाले. “पण मनापासून का, हे कसं कळायचं, पाक मुजी?”

“कळत नाही, कोह,” मुजिहार्तो प्रामाणिकपणे म्हणाले.

कोह हेंगकींनी मान उंचावून विचारलं, “बू, कसा चाललाय नवा लारिस?”

“छान! फारच छान!” बू जुवारियाह म्हणाल्या.

कोह हेंगकींचा चेहरा पडला. तेही सोलोत जन्मलेले. तिउर्मानं माझा दंड घट्ट धरला. मुजिहार्तोंनी मान लववली, आभार मानले आणि ते वळले. त्यांची पाठ त्या क्षणी शिडी चढायला निघालेल्या माणसाची होती.

“पाक मुजी!”

आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बू जुवारियाह गादीवर उभ्या होत्या, एका हातात कापड, दुसरा हात स्क्रीनकडं.

“निघालात कुठं? इकडं बघा आधी! बिलाच्या खाली हा जांभळा रंग कोणी दिला? वांग्यासारखा दिसतोय! दिवसभर बघून डोकं दुखतं माझं! आणि एक कोडी उलटी घ्यायची झाली तर बटण कुठंय? माल परत येतो की नाही बाजारात? का तुमच्या ऑफिसात कधी परत येत नाही? आणि हे असलं रोज्यांच्या तोंडावर माझ्या माथी मारता? मला काम करायचंय यावर, समजलं? मला रोज काम करायचंय!”

गिऱ्हाइकं घासाघीस सोडून बघू लागली. आमच्या गावात बाई असं बोलते ती फक्त घरच्या माणसाशी.

कोह हेंगकींनी एक दीर्घ श्वास सोडला. “कॅमेऱ्यांसाठी मी दुसरं कोणीतरी बघतो,” ते म्हणाले आणि चहा शोधायला निघून गेले.

मुजिहार्तो परत फिरले. दोन्ही बाजूंनी डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं त्यांना धक्के देत जात होती. ते दुकानाच्या पायरीशी जाऊन उभे राहिले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “हो बू, रंग वाईटच आहे. आणखी?”

“आणखी आहे की! थांबा, या बाईंना सोडते आधी.”

त्या गिऱ्हाइकाकडं वळल्या. मुजिहार्तो थांबले. पंगतीत पहिलं वाढप जेवून झालेला पाहुणा वाढपी पुन्हा आपल्या पानापाशी येण्याची वाट बघतो, तसे ते हात पुढं जोडून, ताठ आणि समाधानी, तिथं उभे होते.